आकडा आधी, की रस्ता?

महामार्ग रुंद करायचा म्हटलं की जो प्रकल्प अहवाल तयार होतो, त्यात एक तक्ता हमखास असतो. डावीकडच्या रकान्यावर लिहिलेलं असतं, 'काहीच केलं नाही तर'. आज रोज इतकी वाहनं, वीस वर्षांनी इतकी. आज एवढ्या अंतराला पन्नास मिनिटं, वीस वर्षांनी तीन तास. उजवीकडच्या रकान्यात रुंदीकरण केलं तर काय होईल त्याचे आकडे, आणि ते अर्थातच सुखाचे. हे दोन रकाने शेजारी मांडले की निर्णय तिथेच होऊन गेलेला असतो. पुढची जनसुनावणी, हरकती, भिंतीवर टांगलेला नकाशा, त्यावरच्या तांबड्या-हिरव्या रेघा, हे सगळं मग उरकण्याचं काम. 'वीस वर्षांनी तीन तास' असं छापून आल्यावर नको म्हणायला उठणार कोण?

माझी तक्रार रुंदीकरणाबद्दल नाही, त्या डावीकडच्या रकान्याबद्दल आहे. तो असा लिहिलेला असतो, जणू वाहनं म्हणजे पाऊस. पडायचा तेवढा पडणार, आपल्या हातात फक्त नाला किती रुंद खणायचा एवढंच. पण कोण कुठे राहायला जातो, गोदाम कुठे उभं राहतं, माल ट्रकने जातो की रेल्वेने, सकाळी सातला निघायचं की नऊला, हे सगळं माणसं रस्ता बघूनच ठरवतात. म्हणजे ज्या आकड्यावरून रस्त्याची रुंदी काढायची, तो आकडाच पुन्हा त्या रुंदीवर अवलंबून. नियोजनात मात्र तो वरून आलेला, पक्का, वादाच्या पलीकडचा म्हणून वापरला जातो.

तो तयार कसा होतो? आधी वाहनगणना. रस्त्याकडेला आठवडाभर, दिवसरात्र मोजणी चालते. पूर्वी खुर्ची टाकून बसलेली माणसं कागदावर चार उभ्या आणि एक आडवी अशा रेघा मारायची, आता ते काम कॅमेरा करतो. दुचाकी, मोटार, बस, ट्रॅक्टर, ट्रेलर यांची सरळ बेरीज करता येत नाही, म्हणून प्रत्येकाला मोटारीच्या हिशेबात वजन दिलं जातं. दुचाकी मोटारीहून कमी, अवजड ट्रक म्हणजे काही मोटारी. मग हंगामाचा गुणक, म्हणजे एका आठवड्याच्या मोजणीवरून वर्षाची सरासरी काढायचा आकडा. इथवर ठीक आहे. हे मोजमाप आहे, चुकलं तर पुन्हा मोजता येतं. पुढच्या पानावर एक टक्केवारी येते, वार्षिक वाढीचा दर, आणि तिथून पुढचा सगळा डोलारा त्या एका आकड्यावर उभा राहतो.

दर पाच टक्के धरला तर वीस वर्षांत वाहनं 2.65 पट होतात. सात टक्के धरला तर 3.87 पट. चक्रवाढीचा हा खेळ सावकाराला जितका कळतो, तितकाच अहवाल लिहिणाऱ्यालाही कळतो. या दोन टक्क्यांच्या फटीत दोन-चार मार्गिका सहज मावतात, त्यांच्याखाली जाणारी जमीन मावते, तोडावी लागणारी झाडं आणि घरं मावतात. आणि पाच का नाही, सातच का, याचं उत्तर? असलंच तर कुठल्याशा परिशिष्टात, चार ओळींत.

त्याहून गमतीची गोष्ट पुढे आहे. इतकी वाहनं आली तर प्रवासाला किती वेळ लागेल, हे काढण्यासाठी अमेरिकेतल्या ब्युरो ऑफ पब्लिक रोड्सने 1964 मध्ये एक सूत्र मांडलं. थोड्याफार फेरफाराने ते आजही वापरात आहे. वाहनसंख्येला रस्त्याच्या क्षमतेने भागायचं, भागाकाराचा चौथा घात करायचा, त्याला 0.15 ने गुणायचं. मोकळ्या रस्त्यावर लागणाऱ्या वेळात त्याच्या तेवढ्या पट भर पडते. क्षमतेइतकी वाहनं आली तर वेळ 15 टक्के जास्त. क्षमतेच्या दुप्पट आली तर 3.4 पट. अडीचपट आली तर जवळजवळ सात पट. सूत्र सुटसुटीत आहे, अडचण फक्त एकच: क्षमतेच्या दुप्पट वाहनं त्या रस्त्यावरून जाणार कशी? एका बादलीत दोन बादल्या पाणी मावत नाही, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. प्रत्यक्षात रस्ता तुंबायला लागला की माणसं तासभर आधी निघतात, दुसरा रस्ता धरतात, दोन कामं एका फेरीत उरकतात, बदली मागतात, नाहीतर जाणंच टाळतात. तक्त्यातली माणसं यातलं काहीही करत नाहीत. ती वीस वर्षं त्याच वेळी, त्याच रस्त्यावर, हट्टाने उभी राहतात आणि त्यांची संख्या दरवर्षी पाच-सात टक्क्यांनी वाढत जाते. डावीकडचे 'तीन तास' येतात ते इथून.

उजवीकडच्या रकान्यात याच चुकीची दुसरी बाजू आहे. तिथे रस्ता रुंद होतो, पण त्यामुळे कोणाचं वागणं बदलत नाही. अँथनी डाउन्स या अर्थशास्त्रज्ञाने 1962 मध्येच सांगून ठेवलं होतं की द्रुतगती मार्गावरची ऐन गर्दीच्या वेळची वाहतूक त्या मार्गाच्या क्षमतेपर्यंत वाढत जाते. कारणात गूढ काही नाही. रस्ता मोकळा झाला की आडवाटेने जाणारे परत येतात, अडनिड्या वेळी निघणारे सोयीच्या वेळी निघायला लागतात, आणि बस-रेल्वेने जाणारे स्वतःची गाडी काढतात. काही वर्षांनी चौथा गट येतो: 'आता काय, पाऊण तासात पोचतो' म्हणून लांब घर घेणारे. जिल ड्युरांटन आणि मॅथ्यू टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या शहरांची आकडेवारी तपासून 2011 मध्ये दाखवलं की आंतरराज्य महामार्गांची लांबी-रुंदी ज्या प्रमाणात वाढते, जवळजवळ त्याच प्रमाणात त्यांच्यावर धावलेले किलोमीटरही वाढतात.

लंडनभोवतीचा एम-25 हा सुमारे 188 किलोमीटरचा रस्ता 1986 मध्ये पुरा झाला आणि थोड्याच वर्षांत त्याच्या रुंदीकरणाची कामं निघाली. नव्या रस्त्यांमुळे नवी वाहतूक निर्माण होते, हे ब्रिटिश सरकारच्याच सल्लागार समितीने 1994 मध्ये मान्य केलं; तोवर तिथल्या प्रकल्पांचे हिशेबही बहुतेक वाहनसंख्या ठरलेली आहे असं धरूनच होत. अमेरिकेत ह्यूस्टन शहरातल्या केटी फ्रीवे या महामार्गाचं उदाहरण तर इतकं सांगून झालंय की ते देताना थोडा संकोच वाटतो. 2008 मध्ये रुंदीकरण पुरं, खर्च सुमारे 280 कोटी डॉलर, सर्वांत रुंद जागी सेवा रस्ते धरून 26 मार्गिका. आणि 2011 ते 2014 या तीन वर्षांत गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हा लांबत गेला. त्या काळात शहरही झपाट्याने वाढत होतं, हे त्या रस्त्याचे समर्थक सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. पण शहर त्याच दिशेला का वाढलं, हा प्रश्न मग त्यांनाच विचारायला हवा.

आता इथे एक आक्षेप येतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. वाहनं वाढली तर वाढू देत ना. कोणीतरी लांबच्या नोकरीला जाऊ शकलं, कोणाचा नाशवंत माल वेळेत पोचला, कोणी आजारी आईला दर आठवड्याला भेटायला लागलं. नव्या फेऱ्या म्हणजे नवी उधळपट्टी असं कोणी ठरवलं? मला हे मान्य आहे. रस्ता माणसांनी वापरावा म्हणूनच असतो. पण मग अहवालात तसं लिहा. 'या रस्त्यामुळे इतके नवे प्रवास होतील, त्यांचं मोल इतकं, आणि गर्दी मात्र काही वर्षांत जवळपास आहे तशीच होईल.' असं लिहिलेलं मला तरी कुठे आढळलेलं नाही. लिहिलं जातं ते असं, की आजचे सगळे प्रवासी वीस वर्षं रोज पाऊण तास वाचवतील. त्या मिनिटांना पैशाने गुणून प्रकल्पाचा फायदा काढला जातो. आणि भाषणात त्यावर 'विकासाला चालना' वेगळी चढवली जाते. चालना मिळाली तर वाहनं वाढतील आणि वाचलेली मिनिटं जातील. मिनिटं वाचायची असतील तर चालना बेताचीच मिळायला हवी. एकाच रस्त्यातून दोन्ही पूर्णपणे वसूल करता येत नाहीत.

डेन्मार्कचे संशोधक बेंट फ्लिवबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 14 देशांतल्या 210 वाहतूक प्रकल्पांचे अंदाज प्रत्यक्षाशी ताडून 2005 मध्ये प्रसिद्ध केले. त्यातल्या रस्त्यांपैकी निम्म्यांमध्ये वाहनांचा अंदाज 20 टक्क्यांहून जास्त चुकला होता, कुठे खाली, कुठे वर. रेल्वेवाल्यांनी मात्र लगेच खूश होऊ नये. त्याच अभ्यासात दहापैकी नऊ रेल्वे प्रकल्पांनी प्रवासी फुगवून सांगितले होते आणि तो फुगवटा सरासरी शंभर टक्क्यांच्या वर होता. म्हणजे दुखणं रस्त्याचं नाही. आधी प्रकल्प ठरवून मग आकडा शोधायला निघण्याचं आहे.

कोंडी जिथे दिसते तिथे ती सुरू झालेली नसते, हे रोज रांगेत उभं राहणाऱ्यालाही चटकन लक्षात येत नाही. चार किलोमीटर रांग आहे म्हणून चार किलोमीटर रस्ता रुंद करा, अशी मागणी होते. त्या रांगेच्या तोंडाशी जाऊन उभं राहिलं तर काय दिसतं? जुना अरुंद पूल. अलीकडे तीन मार्गिका, पुलावर दोन. संपणाऱ्या मार्गिकेतला मोटारवाला शेवटच्या क्षणापर्यंत पुढे येतो आणि आरशात बघत नाक घुसवतो. शेजारच्या मार्गिकेतला ट्रकवाला ब्रेक दाबतो, त्याच्या मागची बस जरा जोरात दाबते, बसच्या मागचा थांबतोच. पूल ओलांडला की सगळे सुसाट, पलीकडे रस्ता निम्मा रिकामा. असं प्रत्येक मिनिटाला काही वेळा घडलं की मागे चार किलोमीटर. कधी पुलाऐवजी दुभाजकात ठेवलेली फट असते, वळणाऱ्या ट्रेलरसाठी. कधी थांब्याला जागाच नसल्यामुळे मार्गिकेत उभी राहणारी बस. नरसाळ्याचं वरचं तोंड कितीही मोठं केलं तरी खालची नळी तेवढीच राहते. वर जास्त पाणी साठतं, इतकंच.

कधी तर पूलही लागत नाही. जपानमध्ये सुगियामा आणि सहकाऱ्यांनी 230 मीटर परिघाच्या गोल रस्त्यावर 22 मोटारी सारख्या वेगाने फिरवायचा प्रयोग केला. अडथळा काहीही नव्हता. थोड्या वेळाने कोणाचा तरी पाय जरा हलका पडला, मागच्याने ब्रेक मारला, आणि थांबा-चला अशी लाट आपोआप मागे मागे सरकायला लागली. 2008 मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला. एका मार्गिकेतून सगळं सुरळीत असताना ताशी दोन हजारांच्या आसपास मोटारी जाऊ शकतात. रांग लागली की तीच मार्गिका त्याहून कमी वाहनं पुढे सोडते. म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच तिची ताकद घटते. रांग लागूच न देणं हे मार्गिका वाढवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त असू शकतं.

याचा पुरावा उलट्या बाजूने अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात मिळाला. मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जोडशहरांत महामार्गावर चढणाऱ्या वाटांवर सिग्नल होते. एकेक-दोन-दोन गाड्या सोडायच्या, झुंड एकदम आत घुसू द्यायची नाही. त्या वाटांवर ताटकळणारे वैतागले, आणि विधिमंडळाच्या आदेशावरून 2000 मध्ये असे सुमारे 430 सिग्नल काही आठवडे बंद ठेवून पाहिले. महामार्गावरून जाणारी वाहनं 9 टक्क्यांनी घटली, प्रवासाचा वेळ 22 टक्क्यांनी आणि अपघात 26 टक्क्यांनी वाढले. सिग्नल पुन्हा सुरू झाले, थोडे सौम्य करून. त्या सहा-सात आठवड्यांत कोणी एक फूटही रस्ता अरुंद केला नव्हता.

मग रुंदीकरण कधीच करू नये का? जरूर करावं, पण कशासाठी ते ठरवून. दुभाजक नसलेला दुपदरी रस्ता, समोरून येणारा ट्रक, ओव्हरटेकच्या नादात समोरासमोर धडक: इथे रस्ता चौपदरी करून मध्ये दुभाजक घालणं म्हणजे माणसं वाचवणं आहे, आणि त्यासाठी वीस वर्षांच्या अंदाजाची गरजच नाही, पोलिसांची अपघातांची नोंदवही पुरे. घाटात चढावर रांगणाऱ्या ट्रकांसाठी जादा मार्गिका द्यावी. बंदराकडे जाणारा मालवाहतुकीचा रस्ता वेगळा काढावा. या सगळ्यात प्रश्न आधी आहे आणि रुंदी नंतर. मला खटकते ती आखणी, जिच्यात रुंदी आधी ठरते, शंभर-दीडशे किलोमीटर सरसकट एकच छेद, म्हणजे तीच रुंदी आणि तीच मांडणी, ओढला जातो आणि प्रश्न त्याला नंतर जुळवून घ्यावे लागतात.

सरसकट छेदात सगळ्यात आधी हरवतो तो रस्ता ओलांडणारा माणूस. आखणीच्या नकाशावर तो नसतोच, कारण त्याची गणना होत नाही; वाहनगणना रस्त्याच्या लांबीच्या दिशेने होते, आडवी कोणी मोजत नाही. सहा मार्गिका, साइडपट्ट्या, दुभाजक, दोन्ही बाजूंचे सेवा रस्ते धरले तर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पंचेचाळीस मीटर सहज होतात. धडधाकट माणूस सेकंदाला सव्वा मीटर चालला तरी छत्तीस सेकंद, म्हातारं माणूस जवळजवळ मिनिटभर. शाळा या बाजूला आणि घर त्या बाजूला असलं तर हे रोज दोनदा. कागदावर उत्तर असतं: भुयारी मार्ग. पण खर्च छाटायची वेळ आली की दोन भुयारी मार्गांमधलं अंतर वाढतं, आणि पाऊण किलोमीटरचा वळसा घालण्यापेक्षा माणूस दुभाजकावर पाय ठेवून उभा राहतो. तेवढ्यात रस्ता गुळगुळीत झाल्यामुळे गाड्यांचा वेग वाढलेला असतो. सरासरी वेग वाढला की प्राणघातक अपघात साधारण त्याच्या चौथ्या घाताने वाढतात, असा स्वीडनच्या योरान निल्सन यांचा निष्कर्ष आहे. वेगात दहा टक्के वाढ म्हणजे मृत्यूंमध्ये जवळजवळ निम्म्याने वाढ. हा चौथा घात रस्त्याच्या मागेच लागलेला दिसतो: अमेरिकेत 1958 ते 1960 मध्ये झालेल्या प्रसिद्ध चाचणीतून रस्त्याची झीजही चाकांच्या आसावरच्या (अ‍ॅक्सलवरच्या) भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते असंच निघालं. म्हणून आस जादा भरलेला एक ट्रक हजारो मोटारींइतका रस्ता खातो, आणि रुंद केलेल्या प्रत्येक मार्गिकेची डागडुजी पुढे कायमची गळ्यात पडते. उद्घाटनाच्या खर्चाला निधी मिळतो. तिसऱ्या पावसाळ्यानंतरच्या डांबराला मिळत नाही.

मग मागायचं काय? एक तर, 'काहीच केलं नाही तर' या रकान्याशेजारी 'थोडंसं केलं तर' हा रकाना. तो पूल रुंद केला, ती फट बुजवली, थांबे रस्त्याबाहेर काढले, महामार्गावर चढणाऱ्या वाटांवर सिग्नल लावले, गर्दीच्या वेळी जादा टोल घेतला, रेल्वेने माल हलवला तर काय होतं? हे हिशेब न करताच रुंदीकरणाची तुलना निष्क्रियतेशी करायची, म्हणजे पैलवानाने लहान मुलाला चीत करण्यासारखं आहे. गर्दीच्या वेळच्या शुल्काला लोक नाराज होतात, हे खरंच. स्टॉकहोमने म्हणून 2006 मध्ये आधी सात महिने प्रयोग केला, शहराच्या सीमेवरची वाहतूक सुमारे पाचव्या हिश्श्याने घटलेली लोकांनी पाहिली, मग जनमत घेतलं आणि 2007 पासून ते कायम केलं. रस्त्याच्या बाबतीत अशी आधी बघून मग ठरवायची सोय नसते. एकदा भराव घातला की घातला.

दुसरं म्हणजे वाढीच्या दराचा एक आकडा न देता कमी, मध्यम, जास्त असे तीन द्यावेत, आणि कमी दर खरा ठरला तर प्रकल्प परवडतो का ते स्पष्ट लिहावं. तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि त्याला खर्च जवळजवळ नाही. इंग्लंडमध्ये मोठा रस्ता सुरू झाल्यावर एका वर्षाने आणि पाच वर्षांनी त्याचं मूल्यमापन करायची पद्धत आहे: वाहनं किती म्हणाला होतात, किती आली, वेळ किती वाचणार होता, किती वाचला, अपघात घटले का. असे पंचवीस-तीस हिशेब एकत्र आले की अंदाज कुठल्या बाजूला झुकतो ते कळतं, आणि पुढच्या अहवालातला सात टक्के लिहिणारा हात जरा जपून चालतो.

मी एका जनसुनावणीत हेच विचारलं होतं. भिंतीवर नकाशा होता, टेबलावर अहवालाच्या तीन प्रती दोरीने बांधून ठेवल्या होत्या, कोणी नेऊ नयेत म्हणून. चौपदरी रस्ता सहापदरी करायचा होता. मी म्हटलं, "हाच रस्ता दुपदरीचा चौपदरी झाला, तेव्हाच्या अहवालात आजच्या वर्षासाठी किती वाहनं लिहिली होती?" सादरीकरण करणारा तरुण इंजिनिअर सभ्य होता. त्याने शेजारच्या साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी फाइलकडे. मग तो म्हणाला, "सर, तो अहवाल आमच्याकडे नाही. तेव्हाचे सल्लागार वेगळे होते." महिन्याभराने इतिवृत्त हाती आलं. त्यात माझ्या नावापुढे लिहिलं होतं: 'वाहतुकीबाबत सूचना केली. नोंद घेतली.'